सीमेपार टिकणारे प्रमाणपत्र : बायोमेट्रिक यंत्रणांच्या चाचणीचे बहुदेशीय जाळे कसे आखावे

बोटांचे ठसे घेणारा एखादा स्कॅनर मुंबईत तपासला गेला, त्याला प्रमाणपत्र मिळाले, आणि तोच स्कॅनर पुढे मनिलातील शासकीय ओळख प्रकल्पाला पुरवायचा ठरला, तर चाचणी बहुधा पहिल्यापासून करावी लागते. उत्पादकाचा पैसा आणि वेळ दुप्पट जातो हे उघडच आहे. त्याहून गंभीर प्रश्न असा की, दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत तर कोणाचे खरे मानायचे, आणि त्या आकड्यांवर विसंबून बसवलेल्या यंत्रापुढे ज्यांचे रेशन किंवा निवृत्तिवेतन अडते त्यांनी कोणाकडे दाद मागायची. अनेक देशांतील प्रयोगशाळा आणि प्रमाणन संस्था एकमेकींचे निष्कर्ष ग्राह्य धरतील असे जाळे उभारणे, हा यावरचा मार्ग आहे. ते आखण्याचे काम ज्यांच्याकडे येऊ शकते अशा प्रयोगशाळा, विद्यापीठांचे विभाग आणि शासकीय कार्यालये यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

माझा आग्रह सुरुवातीलाच सांगतो. बहुतेक आराखडे सामंजस्य कराराच्या मसुद्यापासून सुरू होतात आणि प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळतात की नाही हे पाहण्याचे काम शेवटच्या टप्प्यावर ढकलले जाते. हा क्रम उलटा करावा. दोन प्रयोगशाळांनी एकच यंत्र तपासून पाहावे, आकडे का वेगळे आले हे शोधावे, आणि त्या शोधातून जे नियम हाती येतील तेच करारात घालावेत.

शब्द आणि व्याप्ती

मराठीत आपण ‘प्रमाणीकरण’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो : आधारधारकाची ओळख पटवणे हेही प्रमाणीकरण, आणि यंत्राला प्रमाणपत्र देणे हेही प्रमाणीकरण. बैठकीत हा घोळ चालून जातो, पण कागदपत्रात तो महागात पडतो. म्हणून पहिल्यासाठी ‘ओळखपडताळणी’ आणि दुसऱ्यासाठी ‘प्रमाणन’ असे शब्द ठरवून घ्यावेत, आणि प्रत्येक भागीदार देशाने आपापल्या भाषेतील शब्द आयएसओ/आयईसी २३८२-३७ या बायोमेट्रिक संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मानकाशी जोडून एक तक्ता करावा.

हा तक्ता करताना एक जागा हटकून अडखळायला लावते. दोन नमुन्यांची एकदा तुलना केल्यावर चुकीची जुळणी होण्याचे प्रमाण वेगळे, आणि एका व्यवहारात परक्या माणसाला चुकीचा स्वीकार मिळण्याचे प्रमाण वेगळे. यंत्र तीन वेळा बोट ठेवू देत असेल आणि एका तुलनेतील चूक १०,०००मध्ये १ असेल, तर व्यवहारातील चूक १०,०००मध्ये ३च्या आसपास जाते. एका प्रयोगशाळेने तुलना मोजल्या आणि दुसरीने व्यवहार मोजले, तर दोघींचे काम अचूक असूनही अहवाल एकमेकांना छेद देतात.

त्यानंतर जाळे कशाला प्रमाणपत्र देणार हे ठरवावे. नुसता सेन्सर, नुसता अल्गोरिदम आणि दोन्ही मिळून उभी राहिलेली यंत्रणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या चाचण्याही वेगळ्या आहेत. माझा सल्ला असा की आरंभ बोटांचे ठसे, एकास-एक पडताळणी (समोरचा माणूस तो सांगतो तोच आहे का, एवढेच पाहणे) आणि दोन किंवा तीन प्रयोगशाळा एवढ्यावरच करावा. चेहरा आणि बुबुळ नंतर जोडता येतात. पहिल्याच वर्षी सर्व प्रकार हाती घेतले तर एकाही प्रकारात खोलवर जाता येत नाही.

कोणी काय करायचे

रचनेत चार भूमिका असतात आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. चाचणी करणारी प्रयोगशाळा आयएसओ/आयईसी १७०२५ प्रमाणे चालते, प्रमाणपत्र देणारी संस्था १७०६५ प्रमाणे, या दोघींना मान्यता देणारी संस्था १७०११ प्रमाणे, आणि योजनेचे नियम लिहिणारा योजनाधारक कोण, हे १७०६७च्या चौकटीत स्पष्ट करावे लागते. भारतात प्रयोगशाळांना एनएबीएल आणि प्रमाणन संस्थांना एनएबीसीबी मान्यता देते. दोन्ही क्वालिटी काउन्सिल ऑफ इंडियाची मंडळे आहेत. आधारसाठी लागणाऱ्या बायोमेट्रिक उपकरणांचे प्रमाणन केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखालील एसटीक्यूसी करते आणि याच संचालनालयाची इलेक्ट्रॉनिक्स चाचणी प्रयोगशाळा अंधेरीत एमआयडीसीत सीप्झसमोर आहे. म्हणजे मुंबईतून काम सुरू करणाऱ्याला अनुभवी माणसे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

परस्परमान्यतेसाठी नवे काही शोधण्याआधी असलेल्या व्यवस्था नीट वाचाव्यात. आयलॅक या प्रयोगशाळा-मान्यता संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या करारावर २००० साली स्वाक्षऱ्या झाल्या आणि त्यातून एका देशातील मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्याची वाट तयार झाली. ती वाट उपयोगी आहे, पण पुरेशी नाही. मान्यता प्रयोगशाळेची क्षमता सांगते, बायोमेट्रिक चाचणीत माणसे कशी निवडली हे ती आपोआप सांगत नाही. दुसरा नमुना सुरक्षा मूल्यमापनातील कॉमन क्रायटेरिया मान्यता व्यवस्थेचा. भारत तेथे २०१३पासून प्रमाणपत्र देणारा सदस्य आहे, तर काही देश केवळ इतरांची प्रमाणपत्रे स्वीकारणारे सदस्य आहेत. हा दुहेरी दर्जा आपल्या जाळ्यातही ठेवावा, कारण ज्या देशाकडे अद्याप प्रयोगशाळा नाही त्यालाही मतदानाचा आणि तक्रारीचा हक्क मिळाला पाहिजे. त्या व्यवस्थेने २०१४च्या सुधारित करारात परस्परमान्यतेची खोली मर्यादित केली आणि एका पातळीच्या वरची प्रमाणपत्रे आपोआप स्वीकारण्याचे बंधन काढून टाकले. आपणही कोणत्या पातळीपर्यंत विश्वास ठेवायचा हे पहिल्याच मसुद्यात लिहावे.

भागीदार कोण असावेत? नकाशावर जवळ असलेले देश निवडण्यापेक्षा एकसारखी यंत्रणा वापरणारे देश निवडावेत. बंगळुरूच्या ट्रिपल आयटीत २०१८ साली सुरू झालेल्या मोसिप या मुक्तस्रोत ओळख मंचाचा आधार फिलिपाईन्स, मोरोक्को आणि इथिओपिया यांनी घेतला आहे. या देशांना लागणारी उपकरणे, त्यांचे सॉफ्टवेअर जोड आणि त्यांच्या अडचणी आपल्याशी मिळत्याजुळत्या आहेत, त्यामुळे सामाईक चाचणीचा लाभ त्यांना लगेच दिसेल.

आकडे जुळवणे

या कामाचा गाभा येथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धातूच्या वजनाचे कॅलिब्रेशन असते तेव्हा तेच वजन देशोदेशी पाठवता येते. बायोमेट्रिकमध्ये यंत्र पाठवता येते, माणसे पाठवता येत नाहीत. म्हणून तुलना दोन भागांत करावी. पहिला भाग केवळ अल्गोरिदमचा : ठशांच्या प्रतिमांचा एकच गोपनीय संच, एकच सॉफ्टवेअर, आणि प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या संगणकावर काढलेले गुण, म्हणजे दोन ठसे किती जुळतात हे सांगणारे आकडे. येथे आकडे तंतोतंत जुळलेच पाहिजेत. फरक आला तर कोणाच्या तरी कार्यपद्धतीत चूक आहे असे समजून ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. दुसरा भाग प्रत्यक्ष माणसांसह केलेल्या चाचणीचा. येथे आकडे वेगळे येणारच, कारण मुंबईतील आणि मनिलातील सहभागी वेगळे. मग तुलना कशाशी करायची? त्यासाठी जाळ्याने एक संदर्भ-यंत्र ठरवावे, प्रत्येक प्रयोगशाळेने नव्या यंत्राबरोबर तेही त्याच माणसांवर त्याच दिवशी चालवावे, आणि नवे यंत्र संदर्भ-यंत्रापेक्षा किती सरस वा निरस ठरले याची तुलना करावी. संदर्भ-यंत्राचे तीन एकसारखे नग ठेवावेत, आणि प्रत्येक प्रवासानंतर यंत्र मुख्य प्रयोगशाळेत परत येऊन पुन्हा तपासले जावे. एकामागून एक चार प्रयोगशाळा फिरून यंत्र वर्षाने परतले, तर बिघाड कुठे झाला हे कोणीच सांगू शकत नाही. अशा तुलनांतून प्रयोगशाळेचे कसब तपासणाऱ्या प्रवीणता चाचणीचे सर्वसाधारण नियम आयएसओ/आयईसी १७०४३मध्ये आहेत.

मी ज्या एका तुलनेत काम केले तिची आठवण येथे उपयोगी पडेल. जुलै महिना होता, आमचे आणि दुसऱ्या एका प्रयोगशाळेचे चुकीच्या नकाराचे, म्हणजे खऱ्याच माणसाला यंत्राने नाकारण्याचे, आकडे इतके वेगळे आले की आम्ही आधी यंत्रच सदोष ठरवले. तीन आठवडे सेन्सर, केबल आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासण्यात गेले. शेवटी दोन्हीकडच्या चाचणीचे चित्रीकरण शेजारी शेजारी लावून पाहिले. त्यांचा कर्मचारी प्रत्येक माणसानंतर काच मऊ कापडाने पुसत होता आणि आमचा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एकदाच. शिवाय आमच्याकडे लोक पावसातून ओलसर हातांनी येऊन थेट टेबलाशी बसत होते, तर त्यांच्याकडे वातानुकूलित प्रतीक्षालयात वीस मिनिटे थांबून बोटे कोरडी पडत होती. मानकाची पाने दोघांनीही पाळली होती. तेव्हापासून मी प्रत्येक सत्राचे तापमान आणि सापेक्ष आर्द्रता, काच पुसण्याची वारंवारता, प्रतीक्षेचा वेळ आणि कर्मचाऱ्याने उच्चारलेले सूचनेचे शब्द यांची नोंद सक्तीची करतो. ‘बोट ठेवा’ आणि ‘बोट दाबून ठेवा’ यांनी ठसे वेगळे उमटतात.

किती माणसे लागतील, या प्रश्नाला दोन जुने नियम दिशा देतात. एकही चूक झाली नाही आणि स्वतंत्र प्रयत्नांची संख्या ‘क्ष’ असेल, तर ९५ टक्के विश्वासाने चुकीचे खरे प्रमाण ३ भागिले ‘क्ष’ याच्या आत आहे असे म्हणता येते. म्हणजे चुकीचा नकार १ टक्क्याखाली आहे असे सांगण्यासाठी ३०० वेगवेगळ्या व्यक्ती हव्यात आणि त्यांपैकी एकालाही नकार मिळता कामा नये. दुसरा नियम तिसाचा : किमान ३० चुका दिसल्या, तर खरे प्रमाण मोजलेल्या आकड्याच्या ३० टक्के अलीकडे-पलीकडे असल्याचे ९० टक्के विश्वासाने म्हणता येते, ३ टक्के नकाराच्या यंत्रासाठी हे सुमारे १,००० प्रयत्न होतात. २५० माणसांच्या परस्पर तुलना ३१,१२५ होतात आणि त्या जोरावर १०,०००मध्ये १ असा दावा पेलतो असे वाटते, परंतु या तुलना पूर्णपणे स्वतंत्र नसतात, हे अहवालात लिहिलेच पाहिजे. मोजणी व अहवाल यांची मूळ चौकट आयएसओ/आयईसी १९७९५-१ मध्ये आहे आणि तिची सुधारित आवृत्ती २०२१ची आहे. जाळ्यातील सर्वांनी एकच आवृत्ती वापरावी.

कोणाची बोटे

मुंबईच्या ससून डॉक या मासळी बंदरावर पहाटे बर्फात हात घालून कोळंबी सोलणाऱ्या बाईचे बोट जवळून पाहावे. खाऱ्या पाण्याने कातडी सुरकुतलेली असते, टोकावर खवल्यांचे आणि काट्यांचे बारीक चरे असतात, आणि अंगठ्याच्या मध्यभागी, जेथे स्कॅनरला रेषा हव्या असतात नेमकी तेथे, त्या झिजून सपाट झालेल्या असतात. रेशनच्या दुकानात ई-पॉस मशीनवर तिचा थंब लागत नाही, ती बोट पदराला पुसते, तोंडाची वाफ देते, पुन्हा लावते. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर आणि सकाळी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बांधकाम मजुरांतही हाच अनुभव येतो. चाचणीसाठी माणसे गोळा करताना कार्यालयातील कर्मचारी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी सहज मिळतात, आणि ही बाई अहवालात येतच नाही.

त्याहून वाईट असे की कधीकधी ती येते आणि गळते. ठसाच नोंदला गेला नाही तर काही प्रयोगशाळा त्या व्यक्तीला यादीतून काढतात आणि उरलेल्यांवर नकाराचे प्रमाण मोजतात, त्यामुळे यंत्र जितके वाईट तितका आकडा चांगला दिसू शकतो. जाळ्याचा एक नियम कोणत्याही सवलतीविना असावा : नोंदणीतील अपयश आणि नमुना घेण्यातील अपयश वेगळे नोंदवावे, आणि एकूण परिणामात ते धरूनच प्रमाणपत्राचा निर्णय व्हावा.

प्रत्येक देशाने हाताने काम करणाऱ्यांचा, साठीपुढील लोकांचा आणि स्त्रियांचा किमान हिस्सा आधीच जाहीर करावा आणि निकाल गटवार द्यावेत. केवळ सरासरी काय झाकते हे चेहऱ्याच्या बाबतीत अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने डिसेंबर २०१९च्या अहवालात दाखवले; अनेक अल्गोरिदमांत चुकीच्या जुळणीचे प्रमाण लोकगटांनुसार १० ते १०० पटींनी बदलत होते. लोकगटांनुसार येणारा फरक कसा मोजावा यासाठी आता आयएसओ/आयईसी १९७९५-१० हे २०२४चे मानक आहे. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार क्रमांक दिला गेला, तेव्हापासून महाराष्ट्राने शेतमजुरापासून बँक अधिकाऱ्यापर्यंत सर्व प्रकारची बोटे यंत्रापुढे पाहिली आहेत. हा अनुभव आपण भागीदारांना मनापासून द्यावा.

नकली बोटे

योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठाचे त्सुतोमू मात्सुमोतो आणि सहकाऱ्यांनी २००२ साली जिलेटिनची बोटे ११ प्रकारच्या यंत्रांपुढे ठेवून दाखवली, आणि यंत्रे फसली. आपल्याकडे आधार-आधारित बँक व्यवहारांत दस्तनोंदणीच्या कागदांवरून उचललेल्या ठशांच्या सिलिकॉन प्रती वापरल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत, आणि आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयने फेब्रुवारी २०२३मध्ये बोट खरे की नकली हे पाहणारी अधिकची तपासणी लागू केली. आयएसओ/आयईसी ३०१०७-३ हे या चाचणीचे मानक आहे. त्यातील एक तत्त्व मी कधीही सैल करू देणार नाही : प्रत्येक प्रकारच्या नकली नमुन्याचा निकाल स्वतंत्र द्यावा. दहा प्रकारांपैकी नऊ ओळखले आणि दहावा प्रत्येक वेळी आत गेला, तर सरासरी ९० टक्के निघते, पण चोर दहावाच प्रकार वापरतो.

नकली नमुने करण्याची कृती मात्र प्रकाशित करू नये. ती जाळ्याच्या आतच, क्रमांक घातलेल्या प्रतींत ठेवावी. जिलेटिन दमट हवेत मऊ पडते, म्हणून नमुना किती तासांत वापरायचा हेही कृतीत लिहावे. वर्षातून एकदा सर्व प्रयोगशाळांच्या तंत्रज्ञांना एकाच टेबलाशी बसवून नमुने करायला लावावेत. हाताचे कसब कागदावरून पोहोचत नाही.

माहिती सीमा ओलांडत नाही, यंत्र ओलांडते

भारताचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, फिलिपाईन्सचा २०१२चा कायदा आणि युरोपात २०१८पासून लागू असलेले जीडीपीआर या तिन्हींची भाषा वेगळी आहे आणि प्रत्येकाशी जुळणारी माहितीची देवाणघेवाण आखण्यात वर्षे जातात. सोपा मार्ग असा की, सहभागींचे ठसे ज्या देशात घेतले त्या देशातच राहावेत, आणि अल्गोरिदम तेथे जाऊन, इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकावर, चालून यावा. बाहेर फक्त गुणांची सारणी यावी. मग वर सांगितलेल्या पहिल्या तुलनेसाठी सामाईक संच कोठून आणायचा? तो कृत्रिमरीत्या तयार केलेल्या ठशांचा असावा, म्हणजे कोणाच्याही खऱ्या बोटाला सीमा ओलांडावी लागत नाही.

संमतिपत्र सहभागीच्या भाषेत असावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे. संमती मागे घेतल्यास ठसे पुसावे लागतात आणि तीच चाचणी पुन्हा करून पाहता येत नाही. म्हणून गुणांची सारणी ओळख काढून वेगळी जपावी. १८ वर्षांखालील मुलांना पहिल्या टप्प्यात घेऊ नये. आधारमध्ये ५व्या आणि १५व्या वर्षी बायोमेट्रिक नव्याने घ्यावे लागतात, यावरूनच हा विषय स्वतंत्र अभ्यासाचा आहे हे कळते.

यंत्रांच्या प्रवासाला कमी लेखू नये. वायफाय किंवा ब्लूटूथ असलेल्या उपकरणाला भारतात डब्ल्यूपीसी या केंद्राच्या बिनतारी लहरी विभागाची मंजुरी लागते, आणि मुंबई विमानतळावरील सहारच्या कार्गो संकुलात कागद अपुरे पडले तर यंत्र पडून राहते. सहभागींना तारखा देण्याआधी यंत्र हातात आले पाहिजे.

पैसा आणि प्रमाणपत्राचे आयुष्य

शुल्क उत्पादक देतो, त्यामुळे सौम्य प्रयोगशाळा शोधत फिरण्याचा मोह त्याला होतो. यावर उपाय म्हणजे चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंद योजनाधारकाकडे व्हावी आणि नापास झालेला अहवालही तेथे जमा व्हावा. एका देशात नापास झालेले यंत्र दुसऱ्या देशात काहीही न बदलता पुढे आले, तर ते तेथेच थांबते.

प्रमाणपत्रावर सेन्सरचा नमुना क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, अल्गोरिदमची आवृत्ती आणि ज्या उंबरठ्यावर (किती गुणांपुढे ठसा जुळला असे मानायचे) चाचणी झाली तो आकडा, हे चारही असावेत. यांपैकी काहीही बदलले तर योजनाधारकाला कळवणे बंधनकारक करावे. नकली बोट ओळखण्याचा भाग बदलला असेल तर ती चाचणी पूर्ण पुन्हा घ्यावी.

बाजारातील नगाची पडताळणी मात्र उत्पादकाने पाठवलेल्या नमुन्यावर करू नये. आमच्या शहरात लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन सर्वसामान्य ग्राहकासारखे दोन नग दोन वेगळ्या दुकानांतून विकत घ्यावेत, बिल जपावे, खोके उघडताना चित्रीकरण करावे, आणि आतील फर्मवेअरची डिजिटल सही प्रमाणपत्रातील सहीशी ताडून पाहावी. सही जुळली तर संदर्भ-यंत्राबरोबर ३० माणसांची छोटी चाचणी पुरते. सही जुळली नाही, तर प्रमाणपत्र निलंबित झाल्याची नोंद सामाईक नोंदवहीत त्याच दिवशी पडावी आणि ती प्रत्येक भागीदार देशात त्याच दिवशी दिसावी.